‘फ्रँकेनस्टाइन’ आणि ‘पॅराडाइज लॉस्ट’ शेजारी ठेवून कसं वाचावं

मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ बहुतेकांच्या डोक्यात सिनेमातून शिरलेली असते: कडाडणाऱ्या विजा, मानेत ठोकलेले बोल्ट, नुसता गुरगुरणारा राक्षस. कादंबरीत तो जीव घडण्याचा प्रसंग उघडला की यातलं काहीच सापडत नाही. तिथे नोव्हेंबरच्या रात्रीचा पाऊस आहे, विझत आलेली मेणबत्ती आहे आणि व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन नावाच्या विद्यार्थ्याने घडवलेला एक जीव आहे. त्या जिवाला नाव नाही, पण पुढे तो अध्यायच्या अध्याय मुद्देसूद बोलतो. त्याला असं बोलता येतं, कारण त्याने वाचलेलं आहे. आणि त्याने वाचलेल्या पुस्तकांपैकी ज्याने तो मुळापासून हलला, ते म्हणजे जॉन मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’, आदाम-हव्वेच्या पतनाची बायबलमधली कथा सांगणारं सतराव्या शतकातलं इंग्रजी महाकाव्य.

त्यामुळे या दोन पुस्तकांमधली साम्यं कुणी ओढूनताणून जुळवलेली नाहीत. महाकाव्य कादंबरीच्या आतच ठेवलेलं आहे, आणि कादंबरीतलं पात्र ते आपल्यासमोर वाचतं. दोन्हींपैकी काहीच वाचलेलं नसलं तरी चालेल. इंग्रजी बऱ्यापैकी येतं पण सतराव्या शतकातल्या कवितेची धास्ती वाटते, अशा वाचकासाठीच हा लेख आहे.

पहिली पायरी: ‘उत्पत्ती’चे तीन अध्याय

मराठी बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे पहिले तीन अध्याय आधी वाचा. अर्धा तास पुरे. सृष्टीची निर्मिती, एदेन बाग, मना केलेलं फळ, सर्प, आणि शेवटी बागेतून हकालपट्टी, एवढीच गोष्ट आहे. वाचताना एक गोष्ट मुद्दाम टिपून ठेवा: इथे सैतानाचं नावही नाही, फक्त सर्प आहे. स्वर्गातलं युद्ध नाही, आगीचं तळं नाही. हव्वा पहिल्यांदा जागी झाली तेव्हा तिला काय वाटलं, तेही नाही. पुढे मिल्टनमध्ये यातलं काही भेटलं की ते कवीने वाढवलेलं आहे हे लगेच कळेल. मेरी शेलीने जे उचललं, त्यातलं बरंचसं नेमकं या वाढवलेल्या भागातलं आहे.

बायबलची कथा महाकाव्यात कशी उतरते हे मराठी वाचकाला परकं असायचं कारण नाही. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने लिहिलेलं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, म्हणजे मिल्टनच्या काव्याच्या 51 वर्षं आधी, आणि ते चक्क ओवीत आहे. मेरी शेलीशी त्याचा काही संबंध नाही. पण मिल्टनच्या आधी त्यातल्या पहिल्या पुराणातल्या, म्हणजे पहिल्या भागातल्या, थोड्या ओव्या वाचल्या, तर आदाम आणि हव्वा आपल्या भाषेच्या लयीत भेटतात.

दुसरी पायरी: कादंबरी आधी, आणि आवृत्ती बघून

मिल्टन आधी आणि शेली नंतर हा काळाचा क्रम झाला. वाचनाचा क्रम मी उलटा सुचवेन. आधी कादंबरी एका दमात वाचा, गोष्ट म्हणून.

कादंबरीच्या दोन मुख्य आवृत्त्या बाजारात आणि नेटवर मिळतात. पहिली 1 जानेवारी 1818 ची, तीन खंडांची, लेखिकेच्या नावाशिवाय छापलेली. तेव्हा मेरी वीस वर्षांची होती. दुसरी 1831 ची, तिने स्वतः सुधारलेली, नवी प्रस्तावना जोडलेली. हातात कुठली आहे हे ओळखणं सोपं आहे. अध्याय 1 ते 24 सलग असतील तर ती 1831 ची; प्रत्येक खंडात अध्यायांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होत असतील तर 1818 ची. आणखी एक खूण म्हणजे व्हिक्टरची वाग्दत्त वधू एलिझाबेथ. पहिल्या आवृत्तीत ती व्हिक्टरची सख्खी आतेबहीण आहे, दुसरीत दत्तक घेतलेली अनाथ मुलगी. आपल्या कामाला दोन्ही चालतात. खाली मी 1831 चे अध्याय सांगतो, कारण सर्रास तीच आवृत्ती हाती लागते. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कादंबरी फुकट आहे.

रचना डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढे घोळ होतो. बाहेरच्या बाजूला वॉल्टन हा उत्तर ध्रुवाकडे निघालेला प्रवासी आहे. तो बहिणीला पत्रं लिहितो. त्याला बर्फावर सापडलेला व्हिक्टर त्याला आपली कहाणी सांगतो. आणि व्हिक्टरच्या कहाणीच्या पोटात, अकरा ते सोळा या अध्यायांत, तो जीव स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगतो. मिल्टन मुख्यतः या पोटातल्या सहा अध्यायांत आहे.

तिसरी पायरी: मिल्टनचे नेमके तुकडे

‘पॅराडाइज लॉस्ट’ दहा हजारांहून जास्त ओळींचं आहे. 1667 मध्ये ते दहा सर्गांत आलं आणि 1674 मध्ये मिल्टनने त्याचे बारा सर्ग केले. आज सगळीकडे बारा सर्गांचाच पाठ असतो. पहिल्याच खेपेला सगळं वाचायला घेतलं तर पाचव्या-सहाव्या सर्गात दम लागतो. हे तुकडे पुरेत: पहिल्या सर्गाची सुरुवात, जिथे सैतान आगीच्या तळ्यात शुद्धीवर येतो, चौथा सर्ग जवळपास पूर्ण, आठव्या सर्गाचा उत्तरार्ध, साधारण 250 व्या ओळीपासून, नवव्याच्या सुरुवातीचं सैतानाचं स्वगत, दहाव्या सर्गातला आदामाचा विलाप, 720 व्या ओळीपासून पुढे, आणि बाराव्याच्या शेवटच्या काही ओळी. डार्टमथ कॉलेजच्या संकेतस्थळावर टीपांसह पूर्ण पाठ मोफत आहे. नवख्याला त्या टीपा फार उपयोगी पडतात.

मिल्टन मोठ्याने वाचा. 1652 पर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. हे काव्य त्याने सांगितलं आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलं, त्यामुळे ते कानासाठीच बनलेलं आहे. ओळीच्या शेवटी थांबू नका, विरामचिन्हापाशी थांबा. ओळींना यमक नाही, आणि वाक्यं पाच-सहा ओळी लांबत जातात. त्यांची रचना लॅटिनच्या वळणाची असल्यामुळे क्रियापद पुष्कळदा उशिरा येतं. इंग्रजी मातृभाषा असलेले वाचक यालाच वैतागतात. आपल्याला क्रियापदाची वाट बघायची सवय बोलायला लागल्यापासूनची आहे, तिचा फायदा घ्या.

चौथी पायरी: मुखपृष्ठाच्या आतलं पान

1818 च्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर मिल्टनच्या तीन ओळी छापल्या होत्या. दहाव्या सर्गातल्या, 743 ते 745. फळ खाऊन झालंय, शिक्षा ऐकून झालीय, आणि रात्री जमिनीवर पडलेला आदाम देवाला विचारतो: हे निर्मात्या, मातीतून मला माणूस घडव असं मी तुला म्हटलं होतं का? अंधारातून मला वर काढ म्हणून मी तुझी विनवणी केली होती का? प्रत्येक प्रतीत हे पान असेलच असं नाही. नसेल तर या ओळी पहिल्या कोऱ्या पानावर हाताने लिहून काढा.

मग मिल्टनमध्ये जाऊन त्यापुढच्या वीस-पंचवीस ओळी वाचा. माझ्या मते दोन्ही पुस्तकांमधला सगळ्यात मोलाचा दुवा इथे आहे. आदाम प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तरही तोच देतो. तो स्वतःला म्हणतो, उद्या तुझाच मुलगा उलटून बोलला, ‘मला जन्म का दिलास, मी कुठे मागितला होता?’, तर त्याची ही सबब तू ऐकून घेशील का? आणि मग शिक्षा न्याय्य आहे हे तो कबूल करतो.

शेलीने प्रश्न घेतला आणि उत्तर मागे ठेवलं. ज्याच्यासाठी तो घेतला, त्याच्याकडे आदामाचं उत्तर असणं शक्यच नव्हतं. आदामाने आधी आज्ञा मोडली, मग त्याला बाहेर काढलं. व्हिक्टरने घडवलेल्या जिवाने डोळे उघडून हात पुढे केला, एवढंच. घडवणारा त्याचं रूप पाहून पळून गेला. शिक्षा आधी झाली, गुन्हे नंतर घडले. पुढे खून होतात, निरपराध माणसं मरतात, आणि त्या जिवाचा दोष कमी होत नाही. पण ‘मी मागितलं होतं का?’ हा प्रश्न त्याच्या तोंडी जितका खरा वाटतो तितका आदामाच्या तोंडीही वाटत नाही.

पाचवी पायरी: तीन जागं होणं

आता दोन्ही पुस्तकं खरोखरच टेबलावर शेजारी ठेवा. मिल्टनच्या आठव्या सर्गात आदाम आपली पहिली आठवण सांगतो: फुलांच्या गवतावर जाग आली, अंगावरचा घाम उन्हाने सुकला, आभाळाकडे बघितलं आणि उठून उभा राहिलो. बोलायचा प्रयत्न केला आणि बोलता आलं. जे दिसेल त्याचं नाव घेता आलं. मी कुठून आलो, असं तो सूर्याला, डोंगरांना विचारतो. उत्तर मिळत नाही, तो खाली बसतो, त्याला झोप लागते. आणि निर्माता स्वतः येऊन त्याला बागेत घेऊन जातो.

कादंबरीचा अकरावा अध्याय याच्या शेजारी ठेवा. तिथे पहिली आठवण म्हणजे सगळ्या इंद्रियांचा गोंधळ. दिसणं, ऐकणं, वास येणं वेगवेगळं आहे हेच त्याला उमगत नाही. थंडी वाजते, भूक लागते, रात्री झाडांमागून चंद्र वर येतो तेव्हा थोडं बरं वाटतं. पाखरांसारखा आवाज काढायला जातो, तर तोंडातून जे निघतं त्याला तो स्वतःच घाबरतो. त्याला न्यायला कुणीही येत नाही.

तिसरं जागं होणं हव्वेचं. चौथ्या सर्गातल्या 449 ते 491 या ओळी सावकाश वाचा. हव्वा जागी होते, पाण्याचा आवाज ऐकून तळ्याकाठी जाते, वाकून बघते. पाण्यात एक आकृती तिच्याकडे बघत असते. ती दचकून मागे सरते, तर तीही मागे सरते. मग दोघी पुन्हा पुढे येतात, एकमेकींकडे मायेने बघत राहतात. शेवटी एक आवाज तिला सांगतो की ही तूच आहेस, चल, जो सावली नाही अशाकडे तुला नेतो. कादंबरीच्या बाराव्या अध्यायात तो जीव स्वच्छ पाण्याच्या डबक्यात स्वतःला बघतो. तोही दचकून मागे सरतो. हा आपणच आहोत यावर आधी विश्वास बसत नाही, आणि बसतो तेव्हा मन काळवंडून जातं. हालचाल हव्वेचीच आहे, पण समजावणारा आवाज गायब आहे. इतक्या जवळून मांडलेला प्रसंग सहज घडत नाही. मेरीच्या रोजनिशीतल्या वाचनाच्या याद्यांमध्ये 1815 आणि 1816 या दोन्ही वर्षी ‘पॅराडाइज लॉस्ट’ आहे. कादंबरी सुरू झाली ती 1816 च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी.

सहावी पायरी: जंगलात सापडलेली बॅग

पंधरावा अध्याय दोनदा वाचा. एका झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात लपून राहिलेल्या त्या जिवाला जंगलात चामड्याची बॅग सापडते. तिच्यात कपडे आणि तीन पुस्तकं: प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कच्या चरित्रांचा एक खंड, जर्मन लेखक गटेची वेर्टरची कथा आणि ‘पॅराडाइज लॉस्ट’. झोपडीतल्या कुटुंबाचं बोलणं भिंतीच्या फटीतून ऐकून तो जी भाषा शिकला, त्याच भाषेत ती पुस्तकं आहेत. ते कुटुंब फ्रान्समधून हद्दपार झालेलं, म्हणजे मिल्टन त्याने फ्रेंचमध्ये वाचला.

आणि ते काव्य आहे हे त्याला ठाऊक नाही. घडलेला इतिहास म्हणून तो ते वाचतो. एकदा स्वतःला आदामाशी ताडून बघतो: माझ्यासारखाच तोही एकटा, आगापिछा नसलेला. मग फरक दिसतो, त्याला त्याच्या निर्मात्याने जपलं होतं. झोपडीतल्या माणसांचं सुख बघून पोटात मत्सर उठतो, तेव्हा वाटतं की आपली दशा सैतानाशी जास्त जुळते. चौथ्या सर्गात सैतान लपून आदाम-हव्वेचं प्रेम बघतो आणि जळतो. तो प्रसंग आणि भिंतीच्या फटीला लावलेला हा डोळा शेजारी ठेवा. शेवटी तर तो म्हणतो, सैतानालाही साथीदार होते, मला तेवढंही कुणी नाही.

इथे एक बारकावा सुटू नये. अकराव्या अध्यायात, पहिल्याच थंडीत, बर्फापासून वाचायला त्याला मेंढपाळाची झोपडी सापडते. आगीच्या तळ्यातून बाहेर आलेल्या सैतानांना पँडेमोनियम, म्हणजे नरकातली त्यांची राजधानी, जशी वाटली तशी ती झोपडी वाटली, असं तो सांगतो. पण तेव्हा त्याला वाचताच काय, बोलताही येत नव्हतं! ही उपमा नंतरची आहे. मिल्टन वाचून झाल्यावर तो आपला भूतकाळ मिल्टनच्या भाषेत आठवतो आहे. म्हणून कादंबरीत महाकाव्याचा उल्लेख आला की प्रत्येक वेळी विचारा: हे कोण बोलतंय, आणि केव्हा?

सातवी पायरी: सोबतीण मागणं

आठव्या सर्गात, 357 व्या ओळीपासून, आदाम देवाकडे जोडीदार मागतो. एकट्याला कसलं सुख, असं तो म्हणतो. देव त्याची जरा परीक्षा बघतो: इतके पशुपक्षी आहेत की, आणि मी तरी अनंत काळापासून एकटाच आहे, मी सुखी दिसत नाही का? आदाम धीर करून वाद घालतो, तू परिपूर्ण आहेस, मी नाही. देव खूश होतो, म्हणतो की मला हे आधीच माहीत होतं, आणि हव्वा घडवतो. निर्माता आणि त्याने निर्मिलेला यांच्यातलं इतकं मोकळं बोलणं या काव्यात फार गोड वाटतं.

कादंबरीत हे बोलणं आल्प्समधल्या शामोनीच्या हिमनदीवर होतं. ते दहाव्या अध्यायात सुरू होऊन सतराव्यात संपतं. मी तुझा आदाम असायला हवा होतो, पण झालोय पतित देवदूत (म्हणजे सैतान), हे प्रसिद्ध वाक्य दहाव्या अध्यायातलं. सगळी हकीकत सांगून झाल्यावर तो मागतो काय, तर आपल्यासारखीच एक सोबतीण. व्हिक्टर कबूल होतो. विसाव्या अध्यायात, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीच्या एका बेटावर, अर्धवट घडवलेली ती स्त्री तो फाडून टाकतो, आणि खिडकीतून तो जीव हे पाहत असतो. या दोघांची प्रजा वाढली तर माणसांचं काय, ही व्हिक्टरची भीती. ती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण मिल्टनचा आठवा सर्ग वाचून इथे आलात तर त्या फाडण्याचा आवाज वेगळाच ऐकू येतो.

आठवी पायरी: वहीत तीन रकाने

एक वही घ्या. पहिल्या रकान्यात कादंबरीतला प्रसंग, दुसऱ्यात मिल्टनमधली जागा, तिसऱ्यात त्या क्षणी कोण कोणाच्या जागी उभा आहे ते. चौथा रकाना करू नका, नाहीतर वही भरण्यातच वेळ जातो. नवे वाचक सहसा व्हिक्टर म्हणजे देव आणि तो जीव म्हणजे सैतान असं समीकरण मांडून मोकळे होतात. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरला तर ते समीकरण टिकत नाही.

तो जीव जागा होताना आदाम असतो, पाण्याकाठी हव्वा, फटीला डोळा लावताना सैतान. सोळाव्या अध्यायात, झोपडीतल्या माणसांनी हाकलून दिल्यावर, तो म्हणतो की त्या महासैतानासारखा माझ्याही आत नरक होता. झाडं उपटून टाकावीत, सगळा विध्वंस करावा आणि त्यात बसून राहावं असं वाटलं. याच्या शेजारी चौथ्या सर्गातलं सैतानाचं ‘मी जातो तिथे नरक, मी स्वतःच नरक’ आणि नवव्यातलं ‘नासधूस करण्यातच मला जरा आराम मिळतो’ ही बोलणी लिहा. चौथ्याच सर्गात सैतान म्हणतो, वाईटा, आता तूच माझं भलं हो. कादंबरीच्या शेवटच्या अध्यायात तो जीव जवळजवळ हेच शब्द वापरतो.

व्हिक्टरचंही तसंच. जीव घडवताना तो देवाच्या आसनावर बसतो. पण बावीसाव्या अध्यायात लग्नाची स्वप्नं मनात येतात तेव्हा तो म्हणतो, फळ तर खाऊन झालं होतं, आणि देवदूताचा हात मला हाकलायला उगारलेला होता. म्हणजे इथे तो आदाम. शेवटी वॉल्टनच्या जहाजावर मरणाच्या दारात स्वतःला तो सर्वशक्तिमान व्हायला निघालेल्या आणि नरकात जखडलेल्या देवदूताची उपमा देतो. दोघेही सैतानाच्या जागेवर हक्क सांगतात, आणि देवाची जागा अख्ख्या कादंबरीत रिकामी राहते.

न जुळणाऱ्या गोष्टीही त्याच वहीत लिहा. मिल्टनमध्ये देवाचा पुत्र माणसासाठी मरण पत्करायला पुढे येतो; कादंबरीत असं कुणी नाही. मिल्टनच्या शेवटच्या ओळींत आदाम आणि हव्वा हातात हात घालून बाहेर पडतात, पुढे सगळं जग पडलेलं असतं. कादंबरीच्या शेवटी तो जीव बर्फाच्या तुकड्यावरून एकटाच अंधारात जातो. शिवाय कादंबरीच्या उपशीर्षकात प्रोमिथियस आहे, तो ग्रीक पुराणातला. सगळीच कुलुपं मिल्टनच्या किल्लीने उघडायला जाऊ नका.

लेखिकेचं चरित्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. मेरीच्या जन्मानंतर काही दिवसांतच तिची आई, मेरी वोल्स्टनक्राफ्ट, वारली. 1815 मध्ये मेरीचं पहिलं बाळही दिवस भरण्याआधी जन्मून गेलं. हे कळल्यावर कादंबरी जास्त लागते, यात शंका नाही. पण ते आधी वाचलं तर प्रत्येक पानावर तीच दिसायला लागते आणि मिल्टन बाजूला पडतो.

एवढा वेळ नसेल, एकच रविवार हाताशी असेल, तर कादंबरीचे दहा ते सतरा हे अध्याय आणि विसावा वाचा. मिल्टनमधून हव्वेच्या त्या त्रेचाळीस ओळी, आदामाचं सोबतीण मागणं आणि दहाव्या सर्गातला विलाप. विलापाला मात्र शीर्षकपानावरच्या तीन ओळींवर थांबू नका, आदामाच्या उत्तरापर्यंत जा.